मेडल मागू नका, तारीख मागा

पहिल्यांदा हे सांगून टाकते, कारण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, फौजेतलं पूर्वी स्टार हे मेडल मिळालं हे भावकीपासून माझ्या ऑफिसातल्या कॅशियरपर्यंत ज्याला कळलं त्यानं पेन्शन किती वाढली हेच विचारलं. पूर्वी स्टार मिळाला म्हणून पेन्शन एक रुपयानंही वाढत नाही. वीर चक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं, त्यांना भत्ता असतो. पूर्वी स्टार हे मोहिमेचं मेडल, 1971 च्या लढाईत तुम्ही पूर्वेच्या आघाडीवर होता एवढंच ते सांगतं, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि त्या काळात फौजेत कुठंही असलेल्याला, मग तो लांबच्या डेपोत ब्लँकेटं मोजत का असेना, संग्राम मेडल. अण्णांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं त्या पुस्तकात, संग्राम मेडल होतं, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं होतं, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस होतं. पूर्वी स्टार नव्हता.

आणि अण्णा तर तिथंच होते. युनिटचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण मेघालयातून तुराच्या बाजूनं जी फौज खाली उतरली आणि कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर करत टांगाईलच्या रस्त्यानं ढाक्याकडं गेली, तिच्यात अण्णा ड्रायव्हर होते, निस्सान वन-टन गाडीवर. 4 डिसेंबरला कमालपूरचं ठाणं पडलं, 11 ला जमालपूर पडलं आणि त्याच दिवशी टांगाईलला आपले पॅराशूटवाले उतरले, हे सगळं पुस्तकांत आहे. आमच्या घरात मात्र लढाईची एकच गोष्ट सांगितली जायची, ती म्हणजे ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता म्हणून गाड्या अलीकडं थांबवल्या आणि सामान गावकऱ्यांच्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून न्यावं लागलं, आणि बैल कुणाला हाकता येतात असं साहेबानं विचारल्यावर अण्णांनी हात वर केला. मिलिटरी ड्रायव्हर म्हणून गेलो आन् बैलं हाकून आलो, असं ते हसून सांगायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं अण्णांनी लढाईत काहीच केलं नाही.

2021 मध्ये लढाईला 50 वर्षं झाली, स्वर्णिम विजय वर्ष होतं, विजय मशाल गावोगावी फिरली, सगळीकडं सत्कार चालले होते. एका कार्यक्रमासाठी माजी सैनिकांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स मागवली होती. यादी करणारा मुलगा तरुण होता, त्यानं पान बघितलं आणि म्हणाला, काका तुमच्याकडं स्टार नाहीये, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष लढाईत नव्हता ना, मग तुमचं नाव दुसऱ्या यादीत घालतो. त्या मुलाचा दोष नाही, त्याला रकाना भरायचा होता. अण्णा काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर ते बुक कपाटात ठेवताना आईला म्हणाले, सरकार म्हणतंय मी नव्हतो तिथं.

पन्नास वर्षांत कधी विचारलं का नाही, हा प्रश्न मला नंतर फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसातून पण आला. अण्णांचं उत्तर सरळ आहे. 84 साली घरी आले तेव्हा पेन्शन चालू झाली का, कँटीन कार्ड झालं का, हे बघायचं होतं. डिस्चार्ज बुक इंग्रजीत, मेडलच्या रकान्यात हातानं लिहिलेली छोटी छोटी अक्षरं, कोण वाचतंय. शिवाय बऱ्याच जवानांची मेडलं वर्षानुवर्षं आलीच नाहीत, लोक कॅम्पातल्या मिलिटरी टेलरकडून नकली घेऊन लावायचे, त्यामुळं नाही आलं म्हणजे येईल कधीतरी, असंच धरून चालायचे.

मी पतसंस्थेत काम करते, कागदाला घाबरत नाही, त्यामुळं हे माझ्याकडं आलं. पहिला अर्ज साधाच होता, की माझे वडील 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते, त्यांना पूर्वी स्टार मिळावा. इथं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जवानांचं आणि जेसीओंचं, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांचं, सगळं रेकॉर्ड दिल्लीला नसतं, ज्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नलचं जबलपूरला. अण्णांचं कुठलं ते सांगत नाही, कारण चूक झाली ती पन्नास वर्षांपूर्वी आणि आत्ता तिथं बसणारी पोरं तेव्हा जन्मलीपण नव्हती. अर्ज थेट पाठवला तरी चालतो, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला की त्यांचं कव्हरिंग लेटर वर जोडलं जातं आणि पोच राहते, आम्ही तसाच पाठवला.

उत्तर आलं. तीन ओळींचं. ऑफिसातल्या नोंदीनुसार सदर व्यक्ती 14 जानेवारी 1972 पासून युनिटच्या स्ट्रेंथवर, म्हणजे पटावर, आहे, त्यामुळं पूर्वी स्टारला पात्र नाही. खाली सही, शिक्का.

हे पत्र घेऊन मी शेजारच्या गावातल्या एका सुभेदार साहेबांकडं गेले, ते रेकॉर्ड ऑफिसातच हेड क्लार्क होते, आता द्राक्षबाग करतात. त्यांनी पत्र एकदा वाचलं, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ह्यांनी तुम्हाला नाही म्हटलेलंच नाहीये. त्यांनी तुम्हाला सांगितलंय की चूक कुठं आहे." मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण हे कळायला पाहिजे. मेडल देणं न देणं हे त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात नसतं. तो फक्त बघतो की 3 ते 16 डिसेंबर 71 मध्ये हा माणूस त्या आघाडीवरच्या युनिटच्या स्ट्रेंथवर होता की नाही. होता तर मेडल आपोआप लागतं, नव्हता तर पूर्व आघाडीचे तेव्हाचे सेनापती प्रत्यक्ष जनरल अरोरांनी येऊन सांगितलं तरी लागत नाही. त्यामुळं तुम्ही मेडल मागाल तितक्या वेळा तो तीच नोंद बघणार आणि तेच उत्तर देणार. मेडल राहू द्या बाजूला, तारीख दुरुस्त करून मागा.

आता ही तारीख आली कुठून. फौजेत माणूस एका ठिकाणाहून निघाला की तिथून एसओएस होतो, म्हणजे त्यांच्या स्ट्रेंथवरून नाव कमी, आणि नवीन युनिटला पोचला की टीओएस, म्हणजे यांच्या स्ट्रेंथवर नाव चढलं. लग्न, मूल, रजा, आजारपण, शिक्षा, बदली, सगळ्याची युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं माणसाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदावर, नोंद होते. ऑर्डर निघाली नाही तर घटना घडलीच नाही. सुभेदार साहेबांचा अंदाज असा की अण्णा ज्या ड्राफ्टबरोबर, म्हणजे युनिटला पाठवलेल्या जवानांच्या गटाबरोबर, गेले तो ऐन धांदलीत पोचला, युनिट पुढं सरकत होतं, क्लार्कची पेटी कुठं, टाइपरायटर कुठं, ऑर्डर निघाली ती लढाई संपून जरा स्थिरस्थावर झाल्यावर, आणि काढणाऱ्यानं पोचल्याच्या तारखेच्या जागी ऑर्डरचीच तारीख टाकली.

अंदाजावर काही होत नाही, म्हणून शीट रोलची प्रत मागवली, माहिती अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, अर्ज अण्णांच्याच नावानं आणि सहीनं, आधार आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत जोडून, म्हणजे माणूस स्वतःचीच माहिती मागतोय हे दिसायला पाहिजे. पानाला दोन रुपये भरायला सांगितले, भरले. इथं एक नशीब होतं. पेन्शनर असेल तर कागद जपून ठेवलेले असतात, पण पेन्शन न घेता लवकर घरी आलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, मागं राहतो फक्त लाँग रोल, त्यात नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज असं थोडकंच. आमच्या गल्लीत अशाच एकांच्या पत्नी आहेत, त्यांचे मालक पण 71 ला होते म्हणतात, त्यांच्यासाठी मी लाँग रोलचा उतारा मागवून दिला, पण त्यावरून आघाडी काही सिद्ध होत नाही. त्यांना काय सांगायचं मला कळलं नाही.

अण्णांच्या शीट रोलची झेरॉक्स आली ती फिकट होती, काही ठिकाणी टाइप केलेलं, काही ठिकाणी शाईनं लिहिलेलं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून आम्ही ते वाचलं, अण्णांकडं भिंग. रकाने असे की ऑर्डर नंबर, ऑर्डरची तारीख, घटना, घटना लागू झाल्याची तारीख, आणि कडेला नोंद करणाऱ्याची छोटी सही. इतर सगळ्या ओळींत दोन्ही तारखा वेगळ्या आहेत, रजेवर गेले 2 मे ला आणि ऑर्डर 19 मे ची, असं. फक्त ह्या एका ओळीत दोन्हीकडं 14 जानेवारी 72. आणि त्याच्या बरोबर वरची ओळ, आधीच्या ठिकाणाहून एसओएस, 19 नोव्हेंबर 1971, ड्राफ्टबरोबर रवाना.

म्हणजे 19 नोव्हेंबर ते 14 जानेवारी अण्णा हिंदुस्थानच्या कुठल्याच युनिटमध्ये नव्हते. जवळजवळ दोन महिने. आगगाडी आणि मग ट्रक, कितीही रखडत गेलं तरी प्रवासाला काही इतका वेळ लागत नाही. बरं, माणूस दोन महिने गायब असेल तर तो गैरहजर, तशी नोंद पाहिजे, पगार कापला पाहिजे, शिक्षा झाली पाहिजे. शीट रोलवर यातलं काहीच नाही. उलट नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल दिलंय आणि डिस्चार्ज बुकात कॅरॅक्टर एक्झेम्प्लरी, म्हणजे वर्तणूक आदर्श, लिहिलंय. मला खरं सांगते हे बघून इतका आनंद झाला की मी ओट्यावरून उठून आत आईला सांगायला गेले, आणि अण्णा चिडले, म्हणाले, "आनंद कसला मानतीस, त्यात लिहिलंय की तुझा बाप पळून गेला हुता."

मग पुरावे. सगळ्यात जड पुरावा चुलत्याच्या घरातल्या ट्रंकेत निघाला, अण्णांनी त्यांच्या वडलांना पाठवलेलं फौजी पत्र. मजकुरात लढाईचा ल नाही, लिहायची परवानगीच नव्हती. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, ऊस कारखान्याला गेला का, पांढऱ्या बैलाच्या खुराला काय झालं होतं ते बरं झालं का, धाकट्याला शाळेतून काढू नका. पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नंबर, नाव, नव्या युनिटचं नाव आणि मार्फत 99 एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, आणि वर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, त्यात पोस्टाचा नंबर आणि तारीख, 71 चा डिसेंबर, दिवसाचा आकडा अर्धा पुसलेला पण महिना आणि साल स्वच्छ. 99 एपीओ म्हणजे पूर्वेकडचं टपाल, पश्चिमेला 56 एपीओ, हे कुठल्याही फौजीला माहीत असतं. नव्या युनिटच्या पत्त्यानं डिसेंबरात पत्र टाकणारा माणूस जानेवारीत पोचला असं कसं म्हणणार. कुणाच्या घरी अशी जुनी पत्रं असतील तर वाळवी लागायच्या आत बाहेर काढा आणि दोन्ही बाजू स्कॅन करा, मजकुरापेक्षा शिक्क्याची बाजू महत्त्वाची.

दुसरा पुरावा माणसांचा. अण्णांच्या गाडीवर को-ड्रायव्हर असलेले काका सांगली जिल्ह्यात आहेत, त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार आहे कारण ते आधीपासून युनिटमध्ये होते. त्यांनी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र दिलं की हे अमुक नंबरचे शिपाई नोव्हेंबरअखेर तुराला आमच्यात आले आणि ढाक्यापर्यंत माझ्याबरोबर होते. तेव्हाचे कंपनी कमांडर पुढं कर्नल होऊन रिटायर झाले, माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांचा नंबर मिळाला. मी फोन केला, ओळख सांगितली, ते म्हणाले मला नाव आठवत नाही हो बेटा, खोटं कशाला सांगू. मी म्हणलं सर, ब्रह्मपुत्रेवर बैलगाडी. तिकडून इतक्या मोठ्यानं हसायचा आवाज आला, म्हणाले, "वो सातारावाला? फोन दो उसको." अण्णा पलंगावरून उठून उभे राहिले फोन घेताना, जय हिंद साब म्हणाले, आणि मग पाऊण तास मला फोन परत मिळाला नाही. सर्टिफिकेट लगेच आलं, लेटरहेडवर, स्वतःच्या नंबरासकट.

मधे मधे बारक्या अडचणी येत राहिल्या. आधार कार्डावर अण्णांची जन्मतारीख 1 जून, आमच्याकडं त्या वयाच्या निम्म्या माणसांची 1 जूनच असते, मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली, आणि फौजेत वेगळीच. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक कागदावर आर्मी नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट लागतो, ते अक्षर चुकलं की अर्ज परत येतो. अण्णांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण नंबर झोपेतून उठवला तरी अक्षरासकट सांगतात.

दुसरा अर्ज सुभेदार साहेबांनी लिहून दिला. एक पान. पूर्वी स्टार हा शब्द त्यात फक्त शेवटच्या ओळीत. विषय असा की पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक यातील टीओएसच्या तारखेची दुरुस्ती. मग सरळ, की माझ्या शीट रोलवर 19 नोव्हेंबर 71 ते 14 जानेवारी 72 या काळात मी कुठं होतो याची नोंद नाही, या काळात मी गैरहजर असल्याचीही नोंद नाही, सोबतच्या कागदांवरून मी नव्या युनिटमध्ये हजर होतो हे दिसतं, तरी प्रत्यक्ष हजर झाल्याची तारीख नोंदवावी आणि त्यानुसार जे लागू होईल ते द्यावं. भावनेचा एक शब्द नाही. मी त्यात अण्णांचं वय, तब्येत, सत्काराच्या यादीचा प्रसंग घातला होता, साहेबांनी ते सगळं लाल पेननं काढलं. म्हणाले दया आली तरी तो क्लार्क काही करू शकत नाही, पण भोक पडलेला रेकॉर्ड समोर ठेवला की त्याला ते भरावंच लागतं, ऑडिटला तोच सापडणार असतो.

यावेळी उत्तर तीन ओळींचं नव्हतं. त्यांनी युनिटकडं विचारणा केली, मूळ पत्र बघायला मागितलं, इतक्या उशिरा का म्हणून विचारलं. मूळ पत्र पोस्टानं पाठवायला मी तयार नव्हते, आम्ही ते घेऊनच गेलो. तिथल्या सुभेदार मेजर साहेबांनी अण्णांना खुर्ची दिली, चहा दिला, शिक्का भिंगाखाली बघितला. मग बराच काळ काही नाही, माझी आठवणीची पत्रं, त्यांची प्रकरण विचाराधीन आहे अशी उत्तरं, यात सांगण्यासारखं काही नाही. एका दिवाळीनंतर लिफाफा आला, टीओएसची तारीख 27 नोव्हेंबर 1971 अशी दुरुस्त, त्याची नवीन पार्ट टू ऑर्डर, आणि खाली वेगळ्या ओळीत पूर्वी स्टारसाठी पात्र. डिस्चार्ज बुकात नोंद करून घ्यायला परत जावं लागलं, कारण ते बुक अण्णा कुरिअरवाल्याच्या हातात द्यायला तयार नव्हते.

प्रत्यक्ष मेडल आणखी उशिरा आलं. पाचकोनी तारा, मध्ये राजमुद्रा, अण्णांनी आधी उलटा करून नंबर वाचला, अक्षरासकट. पूर्वी स्टारचा मान संग्राम मेडलच्या वर आहे, म्हणजे लावताना तो आधी येतो, त्यामुळं जुनी सगळी पट्टी उसवून परत कोर्ट माउंटिंग, म्हणजे सगळी मेडलं एका पट्टीवर क्रमानं बसवून, करून घ्यावी लागली, फक्त कडेला एक चिकटवलं असं चालत नाही.

आता दुसरंच काम निघालंय. माहिती अधिकारात जी पार्ट टू ऑर्डर मिळाली तिच्यात अण्णांच्या नावाच्या वर आणि खाली आणखी ओळी आहेत, दुसऱ्यांची माहिती म्हणून नावांवर काळी पट्टी मारलीय, पण तारखेचा रकाना उघडा आहे आणि सगळ्यांच्या पुढं तीच 14 जानेवारी. म्हणजे तो अख्खा ड्राफ्ट कागदावर लढाई संपल्यावर पोचलाय. रेकॉर्ड ऑफिसात विचारलं तर म्हणाले ज्याचं त्यानं किंवा वारसानं अर्ज करायला पाहिजे, आम्ही आपणहून काढू शकत नाही. त्यातले एक जण जतच्या बाजूला सापडलेत, त्यांचा शीट रोल मागवलाय, अर्ज आमचाच कॉपी करून दिलाय. बाकीच्यांची नावं अण्णा आठवतायत, पण आठवतात ती पैलवान, मास्तर, कुडाळकर, काळा शिंदे अशी, आणि त्यावर काही शोधता येत नाही.